कचरूची जागा

मोतीरामला माणसं पुसायचा वीट आला होता. खरंच सांगते. शहरातल्या छावणी भागातल्या बाजारात त्याचं मोबाइलचं दुकान, आणि त्याच्याच ओट्यावर माझं शिलाई मशीन. बारा-तेरा सालचा दुष्काळ होता. नळ कधी येईल त्याचा नेम नाय, गावंच्या गावं शहरात येऊन पडलेली, बीड बायपासला बिल्डिंगींवर बिल्डिंगी चढत होत्या. अन् त्यांवर राबणाऱ्या लोकांची सिमं गावाकडच्या नंबरांनी भरलेली.

मोतीरामकडं बोटाएवढा कार्ड रीडर होता. त्यात सिम खुपसून कॉम्प्युटरला लावला की पडद्यावर सगळी नावं दिसायची. लोक म्हणायचे, "भाऊ, गावाकडचे काढ, मुकादमाचा टाकायचाय." मग खतवाला जायचा, आडत्या जायचा, लांबचे सोयरे जायचे. त्यांच्या जागी मुकादम अन् टँकरवाले यायचे.

"अक्का, दिसभर गावं पुसतोय मी," तो म्हणायचा.

"मग नको पुसू. चहा सांग," मी म्हणायची. असला रडका शेजारी असला की आपलाही दिवस आंबतो.

एका दुपारी गीताबाई आली. पाचोडची, मोतीरामच्याच गावची. आता बायपासच्या साइटवर पत्र्याच्या खोलीत राहायची. तिचा फोन पाण्याच्या ड्रममध्ये पडून बंद पडलेला. मोतीरामनं एक जुना हँडसेट दिला आणि सिम रीडरमध्ये घालून साफसूफ केलं. तिचा नवरा कचरू मागच्या उन्हाळ्यात वारला होता. यादीत पहिलंच नाव त्याचं. बाईला सारखं दिसंल, जीव तुटंल, म्हणून यानं आपल्या मनानंच ते काढून टाकलं. ना विचारलं, ना सांगितलं. शहाणाच की नाही!

दोन दिवसांनी बाई पुन्हा दारात उभी. "मोतीरामभाऊ, काय करून ठेवलंस रे? मेघाला लावते तर टँकरवाला उचलतो! मी म्हणते कळा सुरू झाल्या का, तो म्हणतो उद्या बघू!"

मला हसू आलं, पण तिच्या तोंडाकडं बघून गिळलं. मेघा तिची एकुलती लेक, सोयगावला दिलेली, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी करतात. या माहेरात हंडाभर पाण्याची मारामार, म्हणून पोरगी सासरीच राहिली. त्याची बाईला लई लाज वाटायची. लेकीकडं फोन नव्हता. शेजारणीच्या फोनवर आईनंच लावायचा. अन् आईला अक्षरओळख नाही. कचरूनं तिला बटणं शिकवली होती. सगळ्यात वर मी, तो म्हणायचा, एकदा खाली दाबलं की मेघा, अजून एकदा दाबलं की टँकर. आता कचरूच निघाला, तर सगळेच एक घर वर सरकले.

मोतीराम ओशाळला. "गीताबाई, तो नंबर बंद झालाय. मला वाटलं…"

"तुला काय वाटायचंय? बंद हाय मला ठावं नाय व्हय? तरी लावते मी कधीमधी. ती बाई बोलती मधी, की नंबर बंद हाय. बोलू दे तिला. मी आपलं सांगून घेते."

मोतीरामनं सिम काढून पुन्हा रीडरमध्ये घातलं. कचरूचा नंबर पुसला गेला होता, बाईलाही पाठ नव्हता, आणि नंबराशिवाय नुसतं नाव तो फोन घेईना. शेवटी यानं कचरूच्या नावापुढं स्वतःचाच नंबर टाकला अन् सिम परत फोनात बसवलं. सांगणार होता, पण बाईनं हातातून फोन ओढलाच. एकदा खाली दाबून लावला. शेजारणीनं मेघाला बोलावलं. "अजून काही नाय आई, बरी हाय मी," लेक म्हणाली. बाई तिथंच पायरीवर मटकन बसली. मी तिला तांब्यातलं उरलंसुरलं पाणी दिलं.

पुढच्या आठवड्यात, ऊन नुसतं भाजत होतं, मोतीरामचा फोन वाजला. यानं उचलला, हॅलो म्हणायच्या आत पलीकडून आवाज आला, मला ओट्यावर ऐकू येण्याइतका.

"आवो, ऐकलं का? मेघाला पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत. मला जाता नाय आलं… नाक तुमच्यावरच गेलंय म्हणं."

मोतीरामचं तोंड उघडंच राहिलं. मी खुणावलं, बोल की रे.

 मग पलीकडून हळूच, "आज ती बाई बोलली नाय. कोन हाय? मोतीरामभाऊ, तू का?"

"व्हय, गीताबाई. माझाच नंबर टाकला होता."

 मला वाटलं, आता शिव्या घालती.

"असू दे," ती म्हणाली. "कुनीतरी उचललं."