मास्तरांचा भाता

पेटीमास्तर माणसांना नावानं नाही, आवाजाच्या पट्टीनं ओळखत. आसगावात त्यांच्या अंगणात कोणी हाक मारली की आतून उत्तर येई, "काळी दोन आली वाटते. या, बसा." माझी आई त्यांच्या मते काळी पाचमध्ये भांडायची आणि पवनीची एसटी पांढरी चारमध्ये हॉर्न द्यायची. मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा पेढा खाता खाता ते मला म्हणाले, "पोरी, तू लय खालच्या पट्टीत बोलते. एक पट्टी वर चढ, नाही त तिथं कोनाले ऐकूच येनार नाही." मी चढले की नाही, मला अजून सांगता येत नाही. मास्तर मागच्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्याबद्दल नीट लिहिता येईल की नाही, हेही सांगता येत नाही.

ते आमचे शेजारी. थोडी धानाची शेती होती, पण गावात त्यांची ओळख पेटीची. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी-जावई येतात, दुकानं लागतात आणि दुपारी मैदानात दंडार होते, म्हणजे गाणी, नाच आणि सोंगं. आमच्या दंडारीत पेटी मास्तरांचीच. पेटीवर ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. त्यांची बायको, म्हणजे आमची काकी, झाडताना ती सरकवायची तेवढीच. "बोटं त कोनीही नाचवते," ते म्हणत. "भाता सांभाळनं आपलं काम आहे." उजवा हात सुरांवर, डावा मागच्या भात्यावर. गाण्याचा श्वास त्या डाव्या हातात असतो, असं ते समजावून सांगत.

ते गेले त्याच्या आदल्या पावसाळ्यात, धानाची रोवणी आटोपली आणि मास्तरांना लकवा मारला. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा बोलणं शाबूत होतं. पाय थोडा ओढत. डाव्या हातातही बरीच ताकद परतली होती. सगळे म्हणाले, वाचले. पण पहिल्याच दिवशी जेवायला बसल्यावर ते काकीवर ओरडले, "चटणी काहून नाही वाढली?"

चटणी ताटात होती. आपल्याकडे ती डाव्या बाजूलाच वाढतात. काकीनं ताट फिरवलं. चटणी उजवीकडे आली तसे मास्तर हसले, "जादू करून राहिली का तू?"

मग आम्हाला कळायला लागलं. त्यांची डावी बाजू जणू जगातून गेली होती. डावीकडून हाक मारली तर ते उजवीकडे वळून शोधत. चालताना डावा खांदा चौकटीवर आपटे आणि ते चौकटीला शिव्या देत.

पुढच्या तपासणीला काकीनं मला सोबत नेलं. "तू कालेजात जाते, डॉक्टरची भाषा तुले समजन," ती म्हणाली. माझ्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझे विषय मराठी आणि इतिहास, मेंदूचं मला काही ठाऊक नव्हतं. पण नाही म्हणवलं नाही.

डॉक्टर मॅडमनी मास्तरांसमोर दोन्ही हात पसरले. नुसतं डावीकडचं बोट हलवलं, तर मास्तरांना ते दिसलं. दोन्हीकडची बोटं एकदम हलवली, तर त्यांनी फक्त उजवीकडचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, डोळे चांगले आहेत, हातही बऱ्यापैकी आहे. पण मेंदूचे भाग एकमेकांशी ज्या धाग्यांनी जोडलेले असतात, त्यातले काही तुटलेत. आजूबाजूला कुठे लक्ष द्यायचं, हे ते भाग मिळून ठरवतात. ती जोडणी तुटली म्हणून डावीकडे लक्षच जात नाही, आणि जात नाही हेही त्यांना कळत नाही. ते हट्ट करत नाहीत, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

बाहेर आल्यावर काकीनं विचारलं, "का म्हणे ते?" मला जमेल तसं मी सांगितलं. तलावात पाणी आहे, बांधीत धान उभं आहे, पण मधला पाट फुटला आहे.

"मंग पाट बुजवता येते का?"

"थोडा येईल म्हणाल्या. डावीकडून बोलत राहा, डावीकडे बसा. किती येईल ते त्यांनाही सांगता येत नाही."

काकीनं मान हलवली. तिला एवढं पुरलं असावं. मला पुरलं नव्हतं.

घरी मास्तरांनी पेटी काढायला लावली. बोटं सुरांवर अचूक पडत होती, मी बघत होते. पण डावा हात मांडीवर पडलेला, आणि पेटीतून आवाज नाही. मास्तर थांबले, पेटी ठोकली. "उंदरानं भाता कुरतडला," ते म्हणाले.

"घरात मांजर हाय," काकी म्हणाली. "उंदीर येईन कुठून? तुमचा हात हालून नाही राहिला."

"हात? हा पाह्य हात!" म्हणत त्यांनी उजवा हात वर केला.

शेवटी त्यांच्या समाधानासाठी मी पेटी भंडाऱ्याला दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं उघडून पाहिली आणि हसला. "बाई, भाता एकदम बरोबर आहे. हवा मारनाऱ्यालेच डाक्टरकडं दाखवा." मी पेटी तशीच परत आणली. मास्तरांना सांगितलं की नीट झाली. 

तोवर मंडई जवळ आली होती. ढोलकीवाले रामाभाऊ एका संध्याकाळी आले. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "मास्तर, यंदा तुमी आराम करा. साकोलीचा एक कॅसिओवाला सांगून ठेवतो."

"कॅसिओले जीव असते का बे?" मास्तर कडाडले. "लाईट गेली का मेला तो! माह्या जागी मी बसीन. नाही त मंडईच्या दिवशी मले घरात कोंडून जा."  त्यांच्या आवाजाची पट्टी मला ओळखता आली नाही, पण ती नेहमीची नव्हती.

काकीनं पेटीच्या डाव्या कोपऱ्याला लाल चिंधी बांधली. ती डावीकडे बसे आणि म्हणे, "भाता." मास्तर चिंधी शोधत, हात नेत, एक ओळ वाजे. मग हात गळून पडे. पुन्हा "भाता." तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते चिडले, "मले शिकवते का? तुह्या लग्नाआधीपासून वाजवून राहिलो!"

त्यानंतर काकीनं "भाता" म्हणणं सोडलं. तिनं स्वतःच हात पुढे केला आणि भाता ओढला. पेटी वाजली. गाणं पुरं झालं. मास्तरांचा चेहरा उजळला. "पाह्य पोरी, गेला उंदीर!" काकीनं माझ्याकडे पाहून, सांगू नको, अशी मान हलवली. रोज असंच चालू लागलं.

मंडईच्या दुपारी अडचण उभी राहिली. आमच्या गावात दंडारीच्या सतरंजीवर बाई कधी बसलेली नव्हती. काकीनं डोक्यावरून पदर घेतला, मास्तरांना धरून बसवलं आणि स्वतः त्यांच्या डाव्या अंगाला बसली. मागून एक म्हातारा गुरगुरला, "आता बायाबी बसन का इथं?" रामाभाऊंनी ढोलकीवर अशी थाप दिली की पुढचं कोणाला ऐकू आलं नाही.

मास्तर त्या दिवशी जसं वाजवत होते तसं मी आधी ऐकलं नव्हतं, किंवा मला तसं वाटलं असेल. नमन झालं, गवळण झाली, सोंग आलं आणि गेलं. सगळा गाव समोर होता. भाता कोणाच्या हातात आहे ते शेवटच्या रांगेतल्या पोरालाही दिसत होतं, आणि कोणी एक शब्द काढला नाही.

दंडार संपली. लोक दुकानांकडे पांगले. मी पेटी उचलायला वाकले, तेव्हा मास्तर समोर बघतच म्हणाले, "हात दुखून राहिला असन तुहा."

काकी दचकली. "तुमाले मालूम होतं?"

"पयल्या दिवशी नाही समजलं. मंग समजलं. मी भाता हलक्या हातानं ओढतो. तू चूल फुंकल्यावानी ओढते."

"मंग बोलले काहून नाही?"

"बोललो असतो त तू उठून गेली असती."

काकी पदरात हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही. मी मास्तरांच्या डाव्या हाताकडे पाहत होते. त्यांची नजर अजून समोरच होती, "भाता" अशी हाक कोणी मारली नव्हती. तरी तो हात मांडीवरून उठला, सतरंजीवर चाचपडत डावीकडे सरकत गेला, आणि काकीच्या बांगड्यांपाशी जाऊन थांबला.