सकाळचे वकील आणि दुपारचे वकील

मशीनवाले काकांनी टपालबाईंना पहिल्यांदा पाहिलं ते टपाल कार्यालयात, पार्सलच्या खिडकीमागे. तेही एकाच दिवशी तीनदा. काका शिलाई मशीन दुरुस्त करायचे आणि एका गिऱ्हाइकाला त्यांना एक सुटा भाग पाठवायचा होता. खिडकीतल्या तरुण बाईंनी पार्सल कानाशी हलवून पाहिलं आणि परत दिलं. "आत खुळखुळतंय." दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, "सुतळी सैल आहे." तिसऱ्या खेपेला काका पार्सलाला जाड कापडाचं शिवलेलं आवरण चढवूनच आले. बाईंनी शिवण उलटसुलट करून पाहिली. "टाका चांगला आहे हो तुमचा." त्या दिवशी काकांनी दुकान परत उघडलंच नाही. वर्षभरात लग्न झालं.

टपालबाईंनी चौतीस वर्षं नोकरी केली. त्यातली बरीचशी खणांच्या भिंतीसमोर उभं राहून पत्रं लावण्यात गेली. नोकरीने त्यांना निवृत्तिवेतन दिलं आणि गुडघे काढून घेतले. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाजारातून परतताना काका एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात घडीची खुर्ची घेऊन मागून चालत, आणि प्रत्येक मजल्यावर बाईंची बैठक भरे. शेवटी डॉक्टरांनी जिना बंद म्हणजे बंद असं सांगितलं, तेव्हा काका तळमजल्यावरचं घर शोधायला लागले.

घर मिळालंही. दोन खोल्या, दाराला एकही पायरी नाही. मालकीण एक निवृत्त परिचारिका. त्या म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबते. पुढे नाही जमायचं. मुलीकडे कायमची चाललेय, आणि दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे."

जुनं घर विकल्याशिवाय नवं घेता येत नव्हतं. जुनं घर घ्यायला एक नवविवाहित जोडपं तयार होतं. राहिले फक्त वकील.

वकील काकांनी निवडले, आणि का, तर त्यांच्या कार्यालयात छतापर्यंत जाडजूड पुस्तकं होती. "अगं, केवढा वाचलेला माणूस!"

"वाचलेला कशावरून? पुस्तकांवरची धूळ पाहिलीत?"

वकीलसाहेब तोंडाचे मोठे गोड. "काका, तुमचं घर घेणारं जोडपं, तेही माझेच पक्षकार. दोन्ही बाजू एकाच छपराखाली! चुटकीसरशी होऊन जाईल." त्या दिवसापासून घरात त्यांचं नाव 'होऊनजाईलसाहेब' पडलं.

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. काकांनी फोन केला की साहेबांचं एकच उत्तर, "आपल्याकडून सगळं तयार आहे हो. समोरच्या वकिलांचं अडलंय." काका हे शब्द जसेच्या तसे घरी आणत.

"अहो, पण समोरचे वकील म्हणजे तेच ना?" टपालबाई विचारत.

"असेल त्यांच्याकडे कुणी दुसरा, आतल्या खोलीत. वकिलीतलं आपल्याला काय कळतं?"

"आतली खोली मी पाहिली आहे. तिथे चहाची भांडी आहेत."

महिना संपायला पाच दिवस उरले, तेव्हा परिचारिकाबाईंचा निरोप आला की दुसरं गिऱ्हाईक घर पुन्हा बघून गेलं. टपालबाईंनी कपाटातली कागदांची पिशवी काढली, खुर्ची काकांच्या हातात दिली आणि जिना उतरायला लागल्या. उतरायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात काकांनी वकिलांना सुनवायची तीन वाक्यं मनात जुळवली, आणि तळमजला येईपर्यंत तिन्ही विसरले.

कार्यालयात साहेबांच्या टेबलावर दोन तबकं होती, एक उजवीकडे, एक डावीकडे. साहेब उजव्या तबकात डोकं घालून बसले होते.

"साहेब, समोरच्या वकिलांचं काय झालं?" टपालबाईंनी बसता बसता विचारलं.

"काय सांगू काकू! चौकशी करायची म्हणाले होते, पत्र यायचंय. आपण आपले वाट बघतोय."

"स्वभावाने कसे आहेत?"

"स्पष्टच सांगतो, बेजबाबदार."

भिंतीशी बसलेल्या पन्नाशीच्या टंकलेखिकाबाईंना एकदम खोकला लागला.

टपालबाईंची नजर डाव्या तबकाकडे गेली. एक जाड पाकीट, नोंदणी टपालाचं, न फोडलेलं. चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी ते न उचलताच वाचलं. पाठवणारे, वकीलसाहेब. घेणारे, वकीलसाहेब. पत्ता दोन्हीकडे हाच. खालच्या पोचपावतीवर सहीही साहेबांचीच.

"हे कधी आलं?"

"ते दुपारचं," साहेब मान वर न करता म्हणाले.

तेवढ्यात साहेबांना फोन आला आणि ते बोलत गॅलरीत गेले. टंकलेखिकाबाई खुर्ची ओढत जवळ आल्या. "काकू, साहेबांची एक शिस्त आहे. सकाळी विकणाऱ्यांचं काम, दुपारी घेणाऱ्यांचं. दोन्ही फायली कधी एकत्र उघडायच्या नाहीत, निःपक्षपातीपणा राहिला पाहिजे म्हणून. तुम्ही विकणारे, म्हणजे सकाळचे. ते जोडपं दुपारचं. दुपारच्या साहेबांनी सकाळच्या साहेबांना विचारलं, बाल्कनीला काचा लावल्यात, त्याची परवानगी आहे का? पत्र टपालाने गेलं, टपालाने आलं. पोस्टमन येतो दुपारी, म्हणून पडलं दुपारच्या तबकात. आणि दुपारी साहेब म्हणतात, हे तर विकणाऱ्यांच्या वकिलांना लिहिलंय, आपण कसं फोडायचं?"

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"दोनदा. म्हणाले, तुम्ही टायपिंग बघा. आता हे बघा, स्मरणपत्र तयार आहे." कागदावर लिहिलं होतं, 'आपले वर्तन या व्यवसायाला शोभणारे नाही.'

काकांना हसावं की रडावं ते कळेना. टपालबाईंनी पिशवीतून परवानगीचा कागद काढला. "टाइप करा." चार ओळींचं उत्तर झालं आणि उजव्या तबकात गेलं. साहेब परत आले आणि उजव्या तबकातला कागद म्हणून सही करून मोकळे झाले.

"छान! आजच नोंदणी टपालाने पाठवू. आठवड्याभरात पोचेल."

"नको," टपालबाई म्हणाल्या. "मी पोचवते." त्या टेबलाला धरून उठल्या, पत्र उजव्या तबकातून उचललं आणि डाव्या तबकात ठेवलं. "पोच द्या."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "काकू, आत्ता साडेअकराच वाजलेत. ते तबक दोनला उघडतं."

"मग बसते."

काका घाबरून कुजबुजले, "अगं, चल ना. साहेबांना राग येईल."

"कोणत्या साहेबांना?"

दोघं तिथेच बसून राहिले. साहेब जेवून आले, चूळ भरली आणि दोनच्या ठोक्याला डावं तबक पुढे ओढलं. पत्र वाचलं आणि चेहरा उजळला. "बघा काकू! आलंच शेवटी उत्तर. मी कडक शब्दांत लिहायला घेतलं होतं ना, कुणकुण लागली असणार." दुपारच्या साहेबांनी सकाळच्या साहेबांचं म्हणणं मान्य केलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही घरांची खरेदीखतं झाली. परिचारिकाबाईंनी किल्ली हातात दिली तेव्हा महिन्याचे दोन दिवस शिल्लक होते.

निघताना साहेब काकांना म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, होऊन जाईल?" काकांनी हात जोडले. सवयच ती.

टपालबाई आता तळमजल्यावर राहतात आणि सकाळी दूध आणायला एकट्या जातात. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, डाव्याची पुढच्या महिन्यात आहे.