श्रीखंडाच्या डब्यातला दिवा

पणदऱ्यात आमच्या गोठ्यात एकच गाय उरली होती. सासूबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले तशी बाकीची जनावरं विकली. ही मात्र त्यांनी हट्टानं ठेवून घेतली. पहाटेची धार त्याच काढायच्या, आणि नेमकी तेव्हाच वीज जायची. दातांत मोबाईल धरून उजेड पाडणाऱ्या त्या बाईकडे पाहून मला हसूही यायचं आणि चीडही. एकदा अंधारात गायीची लाथ बसली, चरवी कलंडली आणि त्या मागं पडल्या. मनगट सुजलं.

नवऱ्यानं चहा पिता पिता निकाल दिला, "आई, येत्या बाजारी गाय इकतो. हाडबिड मोडलं तर केवढ्याला पडंल?"

सासूबाई कपातला चहा तसाच ठेवून गोठ्यात जाऊन बसल्या. मला ते बघवेना.

"मी दिवा करते," मी म्हणाले. विकत दिवे मिळतात हे मलाही कळत होतं. पण मोबाईलवर एका मुलीला एलईडीचा दिवा करताना पाहिल्यापासून माझे हात शिवशिवत होते.

बारामतीहून पाच एलईडी, रेझिस्टर, बटण आणि सेल आणले. रेझिस्टर दुकानदारानं उगाच गळ्यात मारले असं समजून मी ते बाजूला ठेवले आणि एक एलईडी थेट घरातल्या चौकोनी बॅटरीला लावला. क्षणभर लख्ख उजेड, मग जळका वास.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," नवरा म्हणाला.

"नवरा तुम्ही आहात," मी म्हणाले.

मग मात्र ताकही फुंकून प्यायले. तीन साधे सेल, प्रत्येक एलईडीला वीज आवरणारा त्याचा रेझिस्टर, लांब पाय अधिक बाजूला. एक उलटा लागला होता, तो फिरवला. वायरी पिळून चिकटपट्टी गुंडाळली. बटण दाबलं आणि चारही पेटले. मी एकटीच टाळ्या वाजवत होते.

पहाटे दिवा मोठ्या थाटात खुंटीला टांगला. गायीनं डोळे वटारले, अंग चोरलं आणि पान्हाही चोरला. सासूबाई सड ओढून दमल्या. नवरा दारात उभा होता. बाजार दोन दिवसांवर आला होता.

सगळे गेल्यावर मी गायीशेजारी उकिडवी बसले आणि तिच्यासारखं दिव्याकडे बघितलं. डोळ्यांत सुया टोचल्या. एवढं साधं मला सुचू नये! श्रीखंडाचा पांढरा डबा धुतला, दिवा आत बसवला आणि सासूबाईंच्या बाजूला, गायीच्या नजरेआड भिंतीला खाली अडकवला. आता उजेड सायीसारखा मऊ पडला, तोही फक्त चरवीवर.

दुसऱ्या पहाटे गाय निवांत रवंथ करत राहिली आणि चरवीत धार वाजायला लागली. मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच मातीत बसले. तेवढ्यात वीज आली आणि वरचा मोठा बल्ब भस्सकन लागला. गाय दचकली.

"त्यो बंद कर रं," सासूबाई मान न वळवता लेकाला म्हणाल्या. "आमचा दिवा हाय हितं."

त्यानं मुकाट्यानं बल्ब बंद केला. बाजाराला तो गेला खरा. पण येताना गाडीवर गायीसाठी पेंडीचं पोतं होतं.