चाळिसाव्या दिवसाची खूण

आमच्या वॉर्डात एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं. "नहीं आया मतलब ठीक है." म्हणजे सुट्टी दिलेलं बाळ परत दाखवायला आणलं नाही, तर ते बरं असणार, उगाच घोर नको. मीही म्हणायचे. नोकरीला लागल्या दिवसापासून म्हणत आले. परत न यायला दुसरंही कारण असतं, हे मला, दोन लेकरांच्या आईला, कळत नव्हतं असं कोणत्या तोंडानं सांगू? कळत होतं. म्हणायला सोपं होतं म्हणून म्हणत होते.

मी जबलपूरच्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, नवजात बाळांच्या वॉर्डात. बाळाला ऊब देणाऱ्या एका वॉर्मरवर दोन-दोन बाळं, आया बाहेर व्हरांड्यात चटईवर. जागा कधीच पुरत नाही. त्यावरच आमच्या विभागाच्या मोठ्या सरांनी संशोधन काढलं. कमी वजनाची बाळं वॉर्डात पडून राहण्यापेक्षा चौथ्या दिवशीच घरी पाठवायची, आईनं छातीशी बांधून ठेवायची, आणि चाळिसाव्या दिवशी कोण कसं आहे ते बघायचं. विचार वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. वाईट होती ती आमची घाई. सरांची बढती पेपरावर अडली होती, आणि पेपर चाळिसाव्या दिवसावर.

जी बाळं आली नाहीत त्यांच्या घरी फोन करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ड्युटी संपली की महाराजपूरला घरी जायच्या आधी मी माझ्याच फोनवरून नंबर लावत बसायची. कुणी दिराचा नंबर दिलेला, कुणी गावातल्या दुकानदाराचा. अर्धे बंद. एका भल्या माणसानं तर मला चार शिव्या हासडल्या. तेवढ्यात सरांचा निरोप आला, सोमवारी यादी हवी. मग रजिस्टरात उरलेल्या नावांपुढे मी बरोबरची खूण करत गेले. नहीं आया मतलब ठीक है. सरांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पेपर छापून आला. वॉर्डात खोव्याच्या जिलेब्या वाटल्या. सरांनी पहिलं पान फ्रेम करून केबिनमध्ये लावलं. त्यावर पाच डॉक्टरांची नावं, त्यातल्या दोघांना आमच्या वॉर्डाचा रस्तासुद्धा माहीत नसेल. शेवटी बारीक अक्षरात नर्सिंग स्टाफचे आभार. माझं डोकं असं भडकलं की विचारू नका. आम्ही राबायचं आणि मिरवायचं यांनी. घरी दोन दिवस धुसफुसत होते. नवरा खमरियाच्या फॅक्टरीतून दमून आलेला, म्हणाला, "काहून डोकं तापवून राहिली? नाव छापलं असतं तर तूही फ्रेम केली असती का?" तेव्हा त्याचाही राग आला. आज वाटतं, बरं झालं बाप्पा, नाव नाही.

कारण दुसऱ्या वर्षी ती आली. सिहोऱ्याच्या पुढच्या एका खेड्यातली, सडपातळ बाई, हातात चिमणीएवढी मुलगी. तिनं मला ओळखलं, मी तिला नाही. हे दुसरं बाळंतपण, तिनं सांगितलं. पहिला मुलगा इथंच झाला होता, तुम्हीच त्याला माझ्या छातीशी बांधून दिला होता. अकराव्या दिवशी तो दूध ओढेना. सिहोऱ्यातून बस धरली, पण वाटेतच संपला. मग अर्ध्या रस्त्यातून परत फिरले, दवाखान्यात येऊन काय करणार होते. एवढं शांतपणे सांगून ती म्हणाली, "दीदी, इसको जल्दी मत भेजना."

तिच्या त्या मुलापुढे खूण कोणी केली ते मला सांगायला नकोच होतं.

पण तोवर चौथ्या दिवशी सुट्टी हा वॉर्डाचा नियम झाला होता, आमच्याच पेपराच्या जोरावर. मी सरांकडे गेले. सांगितलं, या बाईचा पहिला गेलाय, आणि आपल्या पेपरात तो बरा आहे. असे अजून किती असतील ठाऊक नाही, मी न विचारताच खुणा केल्यात. सरांनी एकदा फ्रेमकडे बघितलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, "सिस्टर, अक्षर तुमचं आहे. चौकशी लागली तर मी कुणाचं नाव सांगू?"

माझ्या पेन्शनला सहा वर्षं उरली होती, विषय तिथंच सोडला. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथं दळणारी आंधळी नव्हती, तिनं डोळे मिटून घेतले होते.

केबिनमधून निघाले ती सरळ वजनकाट्यापाशी. वजन उतरत असेल तर सुट्टी देत नाहीत, एवढी एक फट नियमात होती. त्या मुलीचं वजन मी रोज थोडं कमी लिहीत गेले. ती दूध ओढत होती, वाढत होती, आणि कागदावर सुकत होती. बाराव्या दिवशी मी खरं वजन लिहिलं आणि तिला घरी पाठवलं.

सहा महिन्यांनी ती बाई मुलीला दाखवायला आली. पोरगी गुबगुबीत, माझा चष्मा ओढायला बघत होती. जाताना तिनं विचारलं, पहिल्याचा काही कागद आहे का तुमच्याकडे? फोटो काढला नव्हता, दाखला केला नव्हता, सासरी कोणी त्याचं नावही काढत नाही. कुठं लिहिलं असेल तर एकदा बघायचं होतं.

मी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. नाही म्हणता आलं असतं, पण नाही म्हटलं नाही. ओळ सापडली. आईच्या जागी तिचं नाव, मुलगा, वजन, आणि शेवटी ती खूण. तिला वाचता येत नव्हतं. तिनं खुणेवर बोट ठेवलं आणि हे काय आहे विचारलं.

मी म्हटलं, चाळिसाव्या दिवशी तो चांगला होता, असं लिहिलंय.

ती बोट न उचलता म्हणाली, "किसने लिखा?"

"मैंने."