तळहातावरचं दही

माझ्या घशाची गोष्ट मी कुणाला सांगायचीच नाही असं ठरवलं होतं. तरी तिचे इतके किस्से झाले, की त्यातलं खरोखर घडलेलं किती आणि संज्यानं पदरचं घातलेलं किती, हे आता मलाही सांगता येत नाही. किस्से असेच साठतात. एक जण सांगतो, दुसरा दुरुस्त करतो, तिसरा म्हणतो मी तिथे होतो, आणि ज्याच्यावर बेतलं तो गोंधळून ऐकत बसतो. तो मी.

इंग्लंडात, स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात दुपारी एका टेबलावर आम्ही चार जण डबे उघडतो. मी मिलिंद. माझ्याएवढाच, पन्नाशीला टेकलेला नागपूरचा संजय, म्हणजे संज्या. पुण्याची मृणाल, जी प्रोजेक्ट मॅनेजर आहे आणि घरीही तशीच असते असं तिचा नवरा सांगतो. आणि रोहन. तो इथेच जन्मला, इथेच वाढला, आणि आमच्याशी हट्टानं मराठीत बोलतो.

या टेबलावर पहिल्यांदा लक्षात आलं, की माझा डबा सगळ्यात शेवटी संपतो.

"तू जेवतो का मेडिटेशन करतो बे?" संज्या म्हणायचा.

मी हसण्यावारी न्यायचो. खरं म्हणजे पोळीचा घास छातीच्या मध्यापर्यंत जायचा आणि तिथे ठाण मांडून बसायचा. मग पाणी प्यायचं, ताठ बसायचं, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

एके दिवशी मृणालच्या डब्यातलं सुकं चिकन असंच अडकलं. श्वास व्यवस्थित चालू होता. मला फक्त उभं राहून थोडा वेळ कुणी बोलू नये एवढंच हवं होतं. पण रोहन ऑफिसचा फर्स्ट एडर, म्हणजे प्रथमोपचारवाला आहे. कोर्स केल्यापासून बिचाऱ्याला एकही पेशंट मिळाला नव्हता. तो ताडकन उठला आणि त्यानं शिकवल्याप्रमाणे मोठ्यानं विचारलं, "आर यू चोकिंग?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"तो नाही म्हणतोय म्हणजे हो," मृणाल म्हणाली. "मी ओळखते त्याला."

रोहननं मागून मिठी मारली आणि माझं पोट दाबायला लागला. मी सुटायला धडपडत होतो आणि ती धडपड त्याला गुदमरणं वाटत होती. त्या झटापटीत घास आपोआप खाली उतरला. रोहन अजूनही सगळ्यांना सांगतो की त्यानं माझा जीव वाचवला. मी ते खोडून काढत नाही, कारण त्यानंच दुसऱ्या दिवशी समोर उभं राहून मला जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट घ्यायला लावली.

* * *

जीपी तरुण आणि हसतमुख होती. कुठे अडकतं, काय अडकतं, वजन उतरलंय का, असं सगळं विचारून झालं. मग म्हणाली, घशातून कॅमेरा घालून बघावं लागेल, अन्ननलिका अरुंद झाली असेल तर तिथेच फुगा फुगवून रुंद करतील.

"मी अर्जंट म्हणून पाठवतेय," ती म्हणाली, "बट प्लीज डोंट वरी."

मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि तसाच बसून राहिलो. अर्जंट आहे तर वरी का नको? आणि वरी नको असेल तर अर्जंट कशाला? आणि फुगा? फुगे वाढदिवसाला बघितलेले, तेही फुटताना.

टेबलावर चर्चा झाली. मृणालचं म्हणणं, इथे काळजीपोटीच लवकर बोलावतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. संज्याचं म्हणणं, लवकर बोलावलं की माणूस घाबरतो, उशिरा बोलावलं की चिडतो, मग डॉक्टरनं करावं काय?

"मला कॅन्सर तर नसेल?" मी एकदाचं विचारलं.

 तो शब्द इतके दिवस घासासारखाच अडकून होता. संज्यानं त्याच्या डब्यातला भात माझ्या डब्यात वाढला आणि म्हणाला, "हे मऊ आहे, खाय." त्या दिवशी त्यानं एकही विनोद केला नाही, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

* * *

भीतीचं काय करायचं, हे काम रोहननं अंगावर घेतलं. त्याच्या फोनवर श्वासाचं एक अ‍ॅप होतं.

"काका, डोळे मिटा. आता तुमचा भीती बॉडीमध्ये कुठे आहे ते शोधा."

"घशात," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली," रोहन म्हणाला, जणू मोठा शोध लागला. मग हळू श्वास घ्यायचा, धरायचा, हळू सोडायचा. दोन-चार फेऱ्यांत संज्या घोरायला लागला. मला मात्र धरलेला श्वास सोडायचा कधी हेच कळेना.

पण मी नेटानं करत राहिलो. टीमच्या मीटिंगमध्ये सुद्धा. तिथे आमचं एक मोठं काम लांबल्यावरून क्लायंटनं सगळ्यांना झापलं, सगळे एकमेकांवर ढकलत होते, आणि मी डोळे अर्धे मिटून माझ्या फुग्याचा विचार करत श्वास मोजत होतो. नंतर मॅनेजरनं मला बाजूला बोलावलं. म्हणाला, संकटात इतका शांत माणूस त्यानं पाहिला नाही. ते काम आता माझ्याकडे आहे.

* * *

पुढचा घोळ झोपेच्या औषधाचा. घशात नुसता बधिर करणारा स्प्रे मारून घ्यायचा, की गुंगीचं इंजेक्शन घ्यायचं? निवड पेशंटची. संज्याचा एक चुलतभाऊ नागपुरात स्प्रेवर उरकून थेट झणझणीत तर्री-पोहे खायला गेला होता. मृणालनं साउथहॅम्प्टनच्या तिच्या डॉक्टर मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, घाबरट असेल तर इंजेक्शन बरं.

"तो घाबरट आहे," मृणाल फोनवर म्हणाली आणि माझ्याकडे वळून, "सुटला प्रश्न."

सुटला कुठला? गुंगी घेतली तर घरी न्यायला आणि रात्रभर सोबत राहायला एक जबाबदार प्रौढ व्यक्ती लागते. माझी बायको अनघा कामासाठी एडिनबराला असते, शुक्रवारी घरी येते. ती रजा टाकायला तयार होती, पण तिचं प्रोजेक्ट नेमकं त्याच आठवड्यात लाइव्ह जाणार होतं. मीच नको म्हटलं.

"मी येतो ना," संज्या म्हणाला.

"जबाबदार प्रौढ हवाय," मृणाल म्हणाली. "तू नुसता प्रौढ आहेस."

शेवटी संज्याच ठरला. अडचण एकच होती. घरी आई होती, आणि आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

* * *

आई नाशिकहून काही महिन्यांसाठी आलेली. बाबांच्या शेवटच्या आजारपणानंतर हॉस्पिटल हा शब्द काढला तरी तिचा चेहरा उतरतो. म्हणून सगळं उरकून, बरंवाईट काय ते कळलं की मगच सांगू, असं मी ठरवलं होतं. अनघाला ते अजिबात पटलं नव्हतं.

आता आई रोज गरम पोळ्या करणार आणि मी अर्धी टाकून उठणार. आईला वाटलं पीठ वाईट आहे. तिनं मला घेऊन स्लाऊतली सगळी देशी दुकानं पालथी घातली. घरात कणकेची एवढी पाकिटं झाली, की बूट काढून ठेवायला जागा उरली नाही. प्रत्येक नव्या पिठाची पहिली पोळी माझ्या पानात पडायची आणि आई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

"ही बरीय?"

"छान आहे," म्हणत मी तुकडा चघळत बसायचो, आणि तो गिळायची वेळ आली की पाण्याचं निमित्त करून उठायचो.

मग एकदा मी जिन्यात असताना ती मावशीशी फोनवर बोलत होती. "पीठ नाही गं. माझ्याच हाताची चव गेली. तो तोंडानं छान म्हणतो, पण त्याला जात नाही."

मी तिथेच पायरीवर बसलो. मला इतकं वाईट वाटलं, की उठून सगळं सांगावं असं वाटलं. पण सांगितलं असतं तर तिची झोप उडाली असती, नाही सांगितलं म्हणून ती स्वतःला दोष देत होती. 

* * *

ठरलेल्या सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला. मध्यरात्रीपासून पोटात काही नव्हतं. आईला सांगितलं होतं, क्लायंटसमोर मोठं प्रेझेंटेशन आहे. रात्री संज्या मुक्कामाला का येणार, तर त्याच्या घरचा बॉयलर बिघडलाय. सगळं चोख जुळवलं होतं.

दारात संज्याची गाडी उभी. मी बूट घातले, आईच्या पाया पडलो आणि वर उठलो तर आईच्या हातात वाटी.

"हात कर."

दहावीच्या पेपराला, नोकरीच्या इंटरव्ह्यूला, व्हिसाला जाताना, प्रत्येक वेळी हेच. माझा उजवा हात आपोआप पुढे झाला, तळहातावर दही-साखर पडली आणि मी ती खाऊन टाकली. दही मऊ, त्यामुळे सरळ खाली गेलं. बाहेर येऊन गाडीत बसलो, पट्टा लावला.

संज्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "ओठाले काय लागलं बे?"

हॉस्पिटलमध्ये नर्सनं विचारलं, शेवटचं कधी खाल्लं? मी खरं सांगितलं. एक चमचा योगर्ट. आत्ताच. फॉर लक.

"फॉर लक," नर्सनं सावकाश म्हटलं. ती आत जाऊन विचारून आली. आज जमणार नव्हतं. पोटात काही असताना गुंगी देत नाहीत. तिनं दोन-तीन दिवसांनंतरची वेळ दिली.

मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी लक्षात आलं, पुन्हा हे सगळं पहिल्यापासून.  परत येताना संज्या म्हणाला, "शुभशकुनानं वापस पाठवलेला तू पहिलाच माणूस."

* * *

आम्ही दोघं तासाभरात परत आलेले बघून आई म्हणाली, "झालं सुद्धा प्रेझेंटेशन? आणि संजय, तुझ्यासाठी पाणी तापवलंय हो. बॉयलर नाही ना तुझ्याकडे."

संज्यानं माझ्याकडे पाहिलं, टॉवेल घेतला आणि निमूटपणे दुसऱ्यांदा आंघोळीला गेला.

मग मी आईला सांगितलं. सगळं. घास अडकतो, घशात दुर्बीण घालणार आहेत, काय निघेल माहीत नाही, दह्यामुळे आज राहिलं. मला वाटलं होतं ती रडेल, निदान चिडेल तरी.

तिनं एकच विचारलं. "म्हणजे तुला पोळी जात नाही. नकोशी झालीय असं नाही?"

"नाही गं."

"मेल्या," ती म्हणाली, आणि मग मात्र ती रडली. रडता रडताच तिनं तांदूळ धुतले. गुरगुट्या भात, तूप, मेतकूट. मी पानावर बसलो आणि सगळा भात सावकाश संपवला. आंघोळ करून आलेल्या संज्यानंही संपवला.

ताट उचलताना ती म्हणाली, "आता पुढच्या वेळी मी येणार."

"आई, तिथे जबाबदार प्रौढ माणूस लागतो, इंग्रजी—"

"तुला वाढवलं कोणी?"

* * *

दुसऱ्या वेळी मी आदल्या रात्रीच आईला बजावून ठेवलं, पाणीसुद्धा नाही. तिला ते पूर्ण कळलं होतं. सकाळी पाया पडून उठलो तर हातात वाटी होतीच.

"आई."

"कळतं मला." तिनं दही-साखर स्वतःच्या तळहातावर घेतली, माझ्याकडे बघत खाल्ली आणि हात पदराला पुसला. "चल." उरलेल्या दह्याचा छोटा डबा तिनं पर्समध्ये टाकला. का, ते विचारायचं त्राण मला नव्हतं.

गाडी संज्याच चालवत होता. मागच्या सीटवर आईनं माझा हात घट्ट धरला होता. रोहनचा श्वास काही आठवेना. मृणालचे मेसेज येत होते, एकाचाही अर्थ डोक्यात शिरत नव्हता. मला भीती वाटत होती, सरळ साधी भीती, आणि ती शरीरात कुठे आहे हे शोधायची काही गरज नव्हती.

हॉस्पिटलमध्ये तीच नर्स. तिनं मला ओळखलं. आईलाही खुर्ची दिली.

"सो, मिलिंद. आज काही खाल्लंय? योगर्ट?"

मी तोंड उघडायच्या आत आई पुढे सरकली. "नो," ती म्हणाली. "आय ईट. फॉर हिम."

नर्सनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पेन उचललं, आणि काही न लिहिता परत ठेवलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. हाताच्या शिरेत सुई. तोंडात प्लॅस्टिकची कडी. मी सारखं विचारत होतो, सुरू केलं का, आणि कुणीतरी सारखं सांगत होतं की संपलं. मग एक डॉक्टर माझ्या पलंगाजवळ उभा होता. अ‍ॅसिडमुळे नळी अरुंद झाली होती, ती रुंद केली. काळजी करावी असं काही दिसलं नाही, तरी आतल्या अस्तराचे बारीक तुकडे तपासायला पाठवलेत. मी अर्धवट गुंगीत ते आईला मराठीत सांगितलं. नंतर ती म्हणाली, मी तेच तीनदा सांगितलं. तिनं मला एकदाही थांबवलं नव्हतं.

थोड्या वेळानं नर्सनं पाण्याचा कप आणला. मी घाबरत घाबरत घोट घेतला. तो गेला. दुसरा घेतला, तोही गेला. आई माझ्या गळ्याकडे बघत होती.

"वेल डन," नर्स म्हणाली. "आजच्या दिवस फक्त मऊ आणि गार काहीतरी. सूप निवू द्यायचं. किंवा योगर्ट—"

आईनं तेवढा एकच शब्द पकडला. पर्सची चेन उघडली, डबा काढला, झाकण काढलं.

नर्स कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अँड हूज ईटिंग धिस वन?"

आईनं माझा हात ओढून तळवा वर केला.

"हिम," ती म्हणाली.