जहाजावर आलेली त्रेचाळीस माणसं

सिंगापूरला आल्यापासून मी एका शिप मॅनेजमेंट कंपनीत काम करते. जहाजं दुसऱ्यांच्या मालकीची, ती चालवायची जबाबदारी आमची. कुठलं जहाज कुठे पोचलं, कुठल्या खलाशाला डॉक्टर हवा, कोण कुठल्या बंदरात उतरणार, हे मी ऑफिसातल्या खुर्चीवरून बघते. भूमध्य समुद्र मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला त्याच समुद्रातून चाललेल्या आमच्या एका मालवाहू जहाजाच्या कॅप्टनचा फोन आला. ते रत्नागिरीकडचे. एरवी कामाचं इंग्रजीत बोलायचे आणि ते संपलं की मराठीत. त्या दिवशी सुरुवातच मराठीत झाली.

"मॅडम, जहाज थांबवतोय. पुढे एक लाकडी बोट आहे. इंजिन बंद, आत पाणी शिरलंय. माणसं नुसती कोंबलीत. बाया आहेत, पोरं आहेत."

युरोपात जायला निघालेली माणसं, हे मला लगेच कळलं. अशा माणसांना वर घेतलेल्या जहाजाला कुठलंच बंदर चटकन आत घेत नाही, दिवसचे दिवस बाहेर उभं राहावं लागतं, हेही धंद्यातल्या सगळ्यांसारखं मला ठाऊक होतं. म्हणून मी जे विचारलं, ते आज लिहितानाही जड जातं.

"कॅप्टन, जवळपास दुसरं जहाज नाही का?"

ते म्हणाले, "एक आहे, बारा मैलांवर. त्यालाही त्याच्या ऑफिसातून हेच विचारत असतील."

त्यांनी परवानगी मागितली नव्हती, नुसतं कळवलं होतं. मी फोन ठेवून बॉसकडे गेले. ती इथल्याच हौगांग भागात राहणारी, पन्नाशी उलटलेली चिनी बाई, कमी बोलते. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कॅप्टनला लेखी पाठव. त्याच्या निर्णयामागे कंपनी उभी आहे म्हणून. कुणी फोन करून त्याला घाबरवायच्या आत कागद त्याच्या हातात पडू दे."

ज्यांनी जहाज भाड्याने घेतलं होतं त्यांचे उशिराबद्दलचे फोन पुढचे चार दिवस येत राहिले. ते सगळे तिने स्वतः घेतले. माझ्या टेबलापर्यंत एकही येऊ दिला नाही.

त्रेचाळीस माणसं वर आली. मग युरोपच्या किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राकडून पहिली सूचना आली: ज्या किनाऱ्यावरून ही माणसं निघाली, तिथलीच गस्ती बोट येतेय, तिच्या ताब्यात द्या. ती बोट लांबून दिसताच दोन तरुण कठड्यावर चढले. परत नेलंत तर उडी मारू म्हणाले. कॅप्टननी कळवलं. बॉसने केंद्राला एवढंच लिहिलं, "माणसं सुरक्षित ठिकाणी उतरवायची असा नियम आहे. ज्या जागेपेक्षा त्यांना समुद्र बरा वाटतो ती जागा सुरक्षित कशी?" उत्तर आलं नाही. गस्ती बोट दोन फेऱ्या मारून निघून गेली, पण माणसं उतरवायला केंद्राने बंदर काही दिलं नाही.

पासिर रिस भागातल्या आमच्या घरी जेवताना मुलीने विचारलं, "मग ते असेच फ्लोट करत राहणार, इज इट?" मी स्वतः नोकरीच्या पासावर इथे आले, अर्ज केले, वर्षानुवर्षं थांबले, मग पीआर, म्हणजे कायमची रहिवासी, झाले. रांगेत उभं राहावं, असं मी बिनधास्त म्हणायची. देशाला सीमा लागते, असं आजही मला वाटतं. पण त्या बोटीतल्या माणसांसाठी रांग नेमकी कुठे लागते, ते मी शोधू गेले आणि मला सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी एका गरोदर बाईच्या पोटात दुखायला लागलं. आठवा महिना होता. किनाऱ्यावरून बोट येणार होती, पण फक्त तिच्यासाठी. नवऱ्याला परवानगी नाही. ती त्याचा हात सोडेना.

मी केंद्रावरच्या अधिकाऱ्याला फोन लावला. आवाज दमलेला होता. "मॅडम, फॉर्मवर नवऱ्यासाठी जागा नाही," तो म्हणाला.

"आमचा खलाशी आजारी पडून उतरतो तेव्हा सोबत एक एस्कॉर्ट जातो," मी म्हटलं. "तुमच्याच बंदरात गेल्या वर्षी उतरवलाय."

तो म्हणाला, "खलाशासाठी पाठवता तस्साच अर्ज पाठवा. लगेच पाठवा, माझी ड्युटी संपत आलीय."

मी पाठवला. तासाभरात दोघं एकाच बोटीत उतरली. ज्या ऑफिसने दार लावून घेतलं होतं, त्याच ऑफिसात तो बसला होता. त्याचे आभार कसे मानावेत ते मला अजून उमगलेलं नाही.

चौथ्या दिवशी एका बंदराने बाकीच्यांना उतरवून घेतलं. धक्क्यावर बस उभ्या होत्या, एवढंच कॅप्टननी लिहिलं. पुढे कुणाला राहू दिलं, कुणाला परत पाठवलं, मला माहीत नाही. महिन्याभराने मी त्या अधिकाऱ्याला पत्र लिहून बाईची चौकशी केली. उत्तर दोन ओळींचं आलं. व्यक्तींची माहिती देता येत नाही. तुमचा एस्कॉर्टचा अर्ज मात्र त्यानंतर आम्ही आणखी एका कुटुंबासाठी वापरला.

कॅप्टन पुढच्या वेळी सिंगापूरला आले तेव्हा त्यांना घरी जेवायला बोलावलं. त्या पहिल्या प्रश्नाबद्दल मी माफी मागितली.

"अहो, मीही आधी रडारवर तेच बघितलं होतं," ते म्हणाले. "बारा मैल हा आकडा मला उगीच का पाठ होता?"

मुलीने विचारलं, "अंकल, भीती वाटली?"

"शिडीची वाटली. माणसांचे हात ओले होते. माझ्या बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, एकेकाला दंडाला धरून वर ओढलं. दुसऱ्या दिवशी त्याला चमचा धरता येत नव्हता. विचारायचंच असेल तर त्याचं विचार."

मग तिने त्याचं विचारलं, आणि आमटी गार होईपर्यंत ते त्याच्याबद्दलच सांगत राहिले.