संगणक बंद करू नका

रफीकभाई गेल्याचं कळून मी त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा त्यांना पुढच्या खोलीत ठेवायची तयारी चालली होती. जागा करायला टेबल सरकवायचं होतं आणि टेबलावर त्यांचा संगणक चालू होता. पडद्यावर लिहिलेलं मी वाचलं… अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. त्यांचे मेहुणे इक्बालभाई यांनी ते न वाचताच भिंतीतली पिन ओढली. मी तोंड उघडलं नाही. मयताच्या घरात संगणकाबद्दल काय बोलायचं? दोन महिने होत आले, पण इक्बालभाईंचा जितका राग येतो त्याहून जास्त माझा मला येतो.

रफीकभाई शुक्रवार पेठेत घरोघरी जाऊन संगणक दुरुस्त करायचे. मी निवृत्त शिक्षिका, आधी त्यांची गिऱ्हाईक आणि नंतर शिष्या. कुणाचं विंडोज बिघडलं की बाकीचे दुरुस्तीवाले एकच औषध देतात, फॉरमॅट. सगळं पुसायचं आणि नवं टाकायचं. हा शब्द ऐकला की एरवी शांत असलेला हा माणूस भडकायचा. “एक कौल फुटलं म्हणून घर पाडताय व्हय?” मग ते पडद्यावर काळी खिडकी उघडून कमांड टाकायचे. ती विंडोजची एकेक फाईल तपासते, बिघडलेल्या फाईलच्या जागी चांगली प्रत ठेवते आणि आपल्या फोटोंना, कागदांना हात लावत नाही. वेळ मात्र घेते. किती काम झालं ते दाखवणारा टक्क्यांचा आकडा कधी अर्धा तास एकाच जागी बसतो, तेवढा वेळ रफीकभाईही बसायचे. गल्ली त्यांना ‘सावकाश रफीक’ म्हणून चिडवायची, आणि घाईवाल्या दुकानदारानं बारशाचे फोटो घालवले की त्यांच्याच दारात रडत यायची. लाज कशी वाटत नाही माणसांना! महापुरानंतर याच माणसानं गल्लीभरचे ओले फोटो दोरीवर वाळवून, स्कॅन करून ठेवले होते. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा एकुलता एक फोटो तर वाळता वाळताच फाटला. तो उरला फक्त त्या संगणकात.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर त्यांच्या पत्नी शमीमभाभींनी तो फोटो बघायला संगणक लावला. सुरूच होईना… दुरुस्ती करतोय म्हणायचा आणि पुन्हा बंद पडायचा. मी गेले तर इक्बालभाई तो रिक्षात ठेवत होते. “दुकानदार म्हणतोय, फॉरमॅट मारला की नव्यासारखा हुतोय.”

“खाली ठेवा तो डबा!” मी भर रस्त्यात ओरडले. एवढी तर मी शाळेतसुद्धा कधी ओरडले नव्हते.

संगणक परत टेबलावर मांडला, रफीकभाईंच्या पेनड्राइव्हवरून चालू केला, काळी खिडकी उघडली आणि वहीत लिहून ठेवलेली कमांड चष्मा पुसत टाकली. आकडा चढला आणि मध्येच थांबला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली.

“अडकलंय न्हवं मॅडम,” इक्बालभाई म्हणाले. “बंद करून परत लावू की.”

“एकदा केलंत की बंद! त्यानंच तर हे झालं!” भाभींसमोरच मी बोलून गेले. संगणक कुणी बंद केला ते त्यांना तेव्हाच कळलं. इक्बालभाईंचा चेहरा पडला.

“मला काय म्हाईत वो… दाजींना ठेवायला जागा पायजे हुती.”

मी तरी वाचून काय केलं होतं?

शेवटी आकडा हलला, काम पुरं झालं, आणि संगणक नेहमीसारखा सुरू होऊन पासवर्डच्या चौकोनाशी थांबला. अशा वेळी रफीकभाई उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. इतकी वर्षं माझ्या घरी आले, पण माझा पासवर्ड त्यांनी कधी बघितला नाही. मी उठले आणि भिंतीकडे वळले. इक्बालभाईही माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मागे भाभींचं एक बोट सावकाश अक्षरं दाबत होतं. मग माउसच्या दोन टिचक्या झाल्या आणि तोही आवाज थांबला…

“भाभी, फोटो उघडला का?”

“उघडलाय की,” त्या म्हणाल्या. “वळू नका इतक्यात.”